उष्ट्या भाताची भानगड

कुणाची पहिली भेट बागेत होते, कुणाची लायब्ररीत. माझी आणि पियूषची झाली हॉस्टेलच्या मेसमागे, उष्ट्याच्या ड्रमपाशी. हसा, खुशाल हसा! मलाही तेव्हा हसूच आलं होतं.

ऑगस्टमधली दुपार होती. पाऊस जरा थांबला होता, पत्र्याच्या शेडवरून थेंब टपटपत होते आणि मी नाकाला ओढणी बांधून ताटांमधला उरलेला भात काट्यावर तोलत होते. तेवढ्यात मागून आवाज आला…

"मॅडम, रुकिए! वो मेरा है."

वळून बघते तर एक उंच, सावळा मुलगा. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या, केस कपाळाला चिकटलेले, शर्टातून पाणी निथळतंय.

"ये जूठा चावल आपका है?"

"पूरा. एक-एक दाना," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मी ओढणीआड हसले.

त्याचा फोन वाजला. बादल्या खाली ठेवून तो बोलू लागला, "हो वं आई… जेवलो… नाही वं, भिजलो कुठं? एकदम कोरडा आहो!"

आणि इकडे त्याच्या कोपरावरून पाण्याची धार लागलेली.

"आईले खोटं कावून सांगता?" मी विचारलं. तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. तिकडून आई "हॅलो, हॅलो" करत होती.

भिलाईत आमच्यासारख्या घरांचं असंच आहे. आजोबा भंडाऱ्याकडून येऊन स्टील प्लांटात लागले, ते इथलेच झाले. मराठी घरात, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे कॉलेजात कुणी 'मले-तुले' बोललं की एकदम मावशीच्या घरी आल्यासारखं वाटतं. पण या मुलाचे डोळे काही मावशीच्या घरचे नव्हते. काळेभोर, हसरे… आणि माझ्यावरून हलायला तयारच नव्हते.

आता भानगड सांगते.

मी संघमित्रा. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आमच्या विद्यापीठात 'हरित परिसर' म्हणून योजना आहे. कॅम्पसमध्ये एखादं काम प्रत्यक्ष करून दाखवायचं, समितीला पटलं तर पुढचं वर्षभर तेच काम फेलो म्हणून मानधनावर करायचं. जागा मात्र एकच. मला ती हवी होती. हवी म्हणजे काय, हवीच होती! कारण बाबांनी बी.एड.चा फॉर्म आणून फ्रिजवर ठेवला होता. बाबा वाईट नाहीत हो. रेल मिलमध्ये तीस वर्षं घाम गाळलेला माणूस. पण "झाडं-पाणी करून नोकरी लागते का कुठं?" हा त्यांचा एकच प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे ती जागा सोडून दुसरं उत्तर नव्हतं.

माझं काम होतं मेसमधलं उष्टं कमी करणं. आणि पियूषचं? त्याच उष्ट्यापासून गॅस काढणं! तो एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला होता आणि मेसमागे त्याने बायोगॅसची टाकी बसवली होती. म्हणजे बघा, मी जिंकले की त्याची टाकी उपाशी, आणि टाकी पोटभर जेवली की मी हरले. अशा माणसाच्या प्रेमात कुणी पडतं का? मी पडले.

मी काही भाषणं ठोकली नाहीत. मेसच्या दारावर फळा लावला आणि रोज खडूने लिहू लागले, काल एक्केचाळीस किलो अन्न फेकलं. वाढणाऱ्या काकांच्या हातात लहान डाव दिला. आणि पातेल्यात उरलेल्या चांगल्या भाताचं बासी करायला लावलं. छत्तीसगढात हे कुणाला शिकवावं लागत नाही. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी दही, कांदा, मीठ आणि हिरवी मिरची. पहिल्या दिवशी चार पोरी आल्या, आठव्या दिवशी रांग लागली. एक्केचाळीसचे तीस झाले, तीसचे अठरा.

पियूष रोज दोन वाजता बादल्या घेऊन हजर.

"आज किती?"

"अठरा."

"संघमित्रा… तू माह्या टाकीले उपाशी मारून राहिली."

"मग डाएटवर ठेव तिले."

"आणि मले?"

"तुले काय झालं?"

"मी रोज दोन वाजायची वाट पाहून राहिलो ना…" तो बादलीच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "उष्ट्यासाठी, असं सांगतो मित्राइले."

मी झटकन फळ्याकडे वळले आणि अठराचा आकडा तीनदा गिरवला. माझे कान असे तापले होते की विचारू नका.

सप्टेंबर लागला, आकडा बारावर आला, आणि पियूषचा धीर सुटला. समिती अठ्ठावीस तारखेला येणार होती. आठ तारखेला सकाळी सातलाच त्याचा फोन. "येते का? गॅस पेटूनच नाही राहिला."

मी धावत गेले. तो काडीवर काडी ओढत होता आणि शेगडी नुसती फुस्स करत होती. टाकीपाशी आंबूस वास इतका की डोळ्यांत पाणी आलं.

"काय टाकलं तू हिच्यात?"

"वैशाली नगरात रिसेप्शन होतं… तिथून ऑटो भरून भात आणला. थोडा गुलाबजामचा पाकही."

"अरे बापा! अन् सगळा एकदम टाकला?"

"एकदम नाही. शिफ्टमध्ये टाकला. ए शिफ्टले, बी शिफ्टले, सी शिफ्टले, म्हणजे दिवसातून तीनदा. चार दिवस."

"शिफ्टमध्ये?"

"बाबा ब्लास्ट फर्नेसले होते ना," तो हळूच म्हणाला. "त्याइनं मले लहानपणापासून सांगितलं, भट्टीले कधी उपाशी ठेवायचं नाही. माल कमी पडला का भट्टी गेली. मले वाटलं… तू उष्टं कमी करून राहिली, तर आपण भरून ठेवावं."

असली चूक फक्त भिलाईचा पोरगाच करू शकतो! मी खो-खो हसले. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू आपोआप थांबलं. मी खिशातली आम्लता मोजायची कागदी पट्टी काढून टाकीच्या पाण्यात बुडवली. रंग सरळ आंबटाकडे.

"पियूष, ही भट्टी नाही, पोट आहे. चार दिवस लग्नातलं खाऊन बसलेलं पोट. अपचन झालं तिले."

खरं सांगू? क्षणभर माझ्या मनात आलंच. गेली याची टाकी, आता जागा माझी. मी काही संत नाही. पण तेवढ्यात तो ओल्या विटांवर बसला आणि म्हणाला, "जाऊ दे. तुझं शेवटचं वर्ष आहे, मले तर अजून एक वर्ष आहे. मी नावच मागे घेतो."

झालं! माझं डोकंच सणकलं.

"खबरदार! खैरात नको मले. तुझी टाकी चालली पाहिजे, अन् तरी मीच जिंकली पाहिजे. ऊठ. शेण आणायचं आहे."

"आता?"

"मग काय मुहूर्त पाहू?"

जवळच्या कुरुद गावात माझी शेवंता मावशी राहते, तिच्याकडे दोन गाई आहेत. पियूषने "जयभीम मावशी" केलं आणि बाह्या सरसावून सरळ गोठ्यात शिरला. मावशीने मला बाजूला ओढलं. "कोण व हा?"

"कॉलेजातला."

"पहिल्यांदा घरी येऊन शेण भरते… पोरगा चांगला दिसते," ती म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गाईला चारा घालायला पळाले.

परत येताना स्कुटीवर मी पुढे, तो मागे आणि दोघांच्या मध्ये झाकणाची बादली. वाटेत पावसाने गाठलं. जामुलच्या बसने अंगावर चिखल उडवला. एका बंद दुकानाच्या शेडखाली आम्ही चिंब होऊन उभे राहिलो, पाण्याचा पडदा समोर, आणि तो माझ्याकडे बघतोय… बघतोय…

"काय पाहून राहिला?"

"काही नाही… तुह्या गालाले शेण लागलं."

"मग पूस ना."

त्याने अंगठ्याने अलगद पुसलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याचाच हात शेणाने माखलेला आहे आणि आता सगळा गाल हिरवा झालाय! आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो की बादली कलंडता कलंडता वाचली. प्रेमाचा वास कसा असतो म्हणून कुणी विचारलं, तर मी खरं सांगणार नाही.

सहा दिवस टाकीला काहीच दिलं नाही. नुसता शेणाचा काला, थोडी चुन्याची निवळी आणि बांबूने ढवळणं. सातव्या दिवसापासून दिवसातून एकदाच, तेही मोजून. पियूषने हिशेब मांडला तेव्हा कळलं की या टाकीला रोज दहा-अकरा किलोच पचतं; आधीच्या तीस-चाळीस किलोंनीच ती आंबत चालली होती, रिसेप्शनचा भात फक्त निमित्त झाला. मी त्या दिवशीचा फळा बघितला. भाज्यांची सालं, चोथा आणि टाळता न येणारं उष्टं मिळून अकरा किलो. मी खडू हातात घेऊन तिथेच पायरीवर बसले. दीड महिना आम्ही एकमेकांशी भांडत होतो, आणि माझं उरलेलं हेच त्याच्या टाकीचं नेमकं जेवण होतं.

एकवीस तारखेला शेगडी पेटली. निळी, सरळ, शांत ज्योत. पियूष ओरडला, त्याने माझे दोन्ही हात धरले, मग घाबरून सोडले… आणि परत धरले. मी काही सोडवून घेतले नाहीत.

अठ्ठावीस तारखेला समिती आली. अध्यक्षा रत्नमाला मॅडम, कडक बाई, कधी हसताना कुणी बघितलं नाही. पियूषने आधी आपली टाकी दाखवली आणि शिफ्टची सगळी चूक स्वतःच्या तोंडाने सांगून टाकली. टाकीला बरं कुणी केलं, हेही. मग माझी पाळी.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "जागा एक आहे. गॅस तर यांच्या टाकीचा. मग तुम्हालाच का द्यावी?"

फ्रिजवरचा फॉर्म डोळ्यांपुढे आला आणि तोंड उघडलं.

"मॅडम, टाकी कुठेही बसवता येते. पण किती मापाची, हे आधी उष्टं कमी केल्यावरच कळतं. नाहीतर टाकी भरावी म्हणून लोक जास्त अन्न फेकतील. कॅम्पसवर पाच मेस आहेत. मी पाचही ठिकाणी आधी फेकणं कमी करीन, मग जेवढं उरेल तेवढ्याच मापाची टाकी. आणि ती बांधायला माणूस लागेल, तो इथेच उभा आहे. त्याच्याकडून ती चूक आता पुन्हा होणार नाही."

मॅडम हसल्या. देवाशप्पथ, हसल्या!

तासाभराने नोटीस बोर्डावर कागद लागला. फेलो, संघमित्रा. त्याखाली नवीनच एक ओळ होती. पाच मेससाठी विद्यार्थी सहायक, पियूष.

मी आधी बाबांना कामावर फोन लावला. "बाबा, लागली. झाडं-पाणी करूनच लागली." बाबा म्हणाले, "थांब, मिलमध्ये सगळ्याइले सांगून येतो," आणि फोन चालूच ठेवून निघून गेले. मी डोळे पुसत उभी राहिले.

पियूष चहाचा ग्लास घेऊन आला. "अभिनंदन, मॅडम! आजपासून तुम्ही माह्या बॉस."

"मग बॉसचं ऐकायचं."

"हुकूम करा."

काय काय ठरवून ठेवलं होतं मी! एक वाक्य आठवेल तर शपथ.

"मले तू आवडतो," मी सरळ म्हणाले. "खूप आवडतो. टाकी बंद पडली तेव्हाही आवडत होता… अन् आज खरं बोलला, तेव्हा तर जास्तच."

त्याच्या हातातला ग्लास कलला, चहा बुटांवर सांडला, त्याला पत्ताच नाही.

"अरे, काही बोलशील का?"

"काय बोलू… मी तर महिन्याभरापासून मनात म्हणून राहिलो होतो," तो कसाबसा म्हणाला. "तू पहिले म्हटलं. आता माह्यासाठी काय ठेवलं?"

"तेच. मोठ्यानं म्हण."

"मले तू पाहिजे, संघमित्रा," तो म्हणाला. खरंच मोठ्यानं! मेसच्या खिडकीत पोरींची गर्दी झाली होती. कुणीतरी शिट्टी मारली, ताटं वाजायला लागली.

मी त्याचा हात धरला.

"सगळ्याइच्यासमोर?" तो लाजून लालेलाल झाला.

"हो, सगळ्याइच्यासमोर," मी म्हणाले. "जिंकली आहो मी आज!"