पाय वर घ्या

ही गोष्ट माझ्या मामांच्या घरी घडली. रचलेली नाही. मामांचं चष्म्याचं दुकान; डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारा माणूस. म्हणून तर कितीतरी दिवस त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

मामींना दमा होता. झाडू मारला की धूळ उडायची आणि त्या खोकून बेजार व्हायच्या. शेवटी मामांनी घरभर व्हॅक्यूम बसवून घेतलं. मोटर आणि धुळीचा डबा लांब गॅरेजमध्ये. तिथून भिंतींच्या आतून नळ्या, आणि प्रत्येक खोलीत एक झाकण. झाकण उघडून पाइप खुपसला की मोटर चालू. धूळ थेट घराबाहेर, कानाशी गोंगाट नाही, जड यंत्र ओढत फिरणं नाही.

मिस्त्री त्या झाकणांना 'तोंडं' म्हणायचा. घरात एक तोंड होतं ते काय कमी होतं, असं मामा बोलून गेले आणि त्यांनी दोन दिवस मामींचा अबोला सोसला.

पण खोकला खरंच कमी झाला. रोज संध्याकाळी मामी पाइप घेऊन निघायच्या. मामा सोफ्यावर पेपर वाचत बसलेले.

"अहो, पाय वर घ्या."

मामा न बघताच पाय वर घ्यायचे.

मग एक दिवस मामी झोपेतच गेल्या.

घर खायला उठलं.

पाइप खुंटीवर लटकत राहिला. सगळीकडे धूळ साचली. एका रविवारी मुलगी येणार होती. तिने रागावू नये म्हणून आदल्या दिवशी मामांनी पाइप काढून सगळं घर स्वतः साफ केलं. शेवटी बेडरूम. मामींची उशी.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं...

उशीवर मामींचे केस होते. लांब, पांढरे. झोपताना मामा रोज त्यांच्यावरून हात फिरवायचे. आता ते केसही पाइपने ओढून नेले होते.

मामा धावतच गॅरेजमध्ये गेले. डबा उघडला.

आत काहीच नव्हतं.

इतक्या महिन्यांची धूळ ओढली होती... आणि डबा घासूनपुसून ठेवल्यासारखा कोरडा, रिकामा.

पाइप परत खुंटीला अडकवून मामा सोफ्यावर येऊन बसले. पेपर उघडला, पण एक अक्षर वाचवेना. बाहेर अंधारून यायला लागलं.

आणि भिंतीतून आवाज आला... घूंऽऽ...

मोटर चालू झाली होती.

पाइप खुंटीवरच होता.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तसंच. मिस्त्रीने येऊन सगळं तपासलं. तोंडात पाइप घातल्याशिवाय मोटर चालूच होत नाही, असं तो म्हणाला आणि चहालाही थांबला नाही.

मिस्त्रीकडून मुलीच्या, म्हणजे ताईच्या, कानावर हे गेलं. एकटेपणाने वडिलांचं डोकं फिरलं असं तिला वाटलं. कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवून ती आली. मामा नको नको म्हणत होते, पण तिने बॅग भरलीच. दोघं सोफ्यावर टॅक्सीची वाट बघत बसले.

घूंऽऽ...

बिघाड असेल, असं ताई म्हणणार होती. तेवढ्यात तिने मान वळवली.

बेडरूमकडून फरशीवर काहीतरी घासत येत होतं... दारापाशी आलं... सोफ्यापाशी आलं...

थांबलं.

ताईने दोन्ही पाय वर घेतले.

मामा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचे पाय आधीच वर होते.

"तुलाही ऐकू आलं?"

ताईने मान हलवली आणि तिला रडू कोसळलं. मामा उठले आणि बॅग परत आत नेऊन ठेवली. ताईने अडवलं नाही.

मामा अजून तिथेच राहतात. पूर्वीपेक्षा खुशीत असतात.

ताई मात्र त्यांना भेटायला गेली की आधी डबा बघते. तो रिकामा असतो. मग मामांची उशी बघते. हल्ली तिच्यावर त्यांचा एकही केस सापडत नाही.

म्हातारपणी केस तर गळतातच ना?

मग ते जातात कुठे...