माडावरची गॅसबत्ती

तुम्ही खोटं लिहिलंत. नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात टेबलाभोवती बसून, चहा पिऊन, तुम्ही चौकशी केलीत आणि लिहिलंत की काशीदच्या नामा कोळ्याची होडी दिव्याशिवाय खोल पाण्यात आली, लढाऊ जहाजाला आडवी गेली आणि स्वतःच्या चुकीने फुटली. नामा बुडाला. त्याचा भाऊ सदा वाचला, तर त्यालाच तुम्ही भावाच्या मरणाचा आरोपी केलंत. त्याला एक प्रश्न विचारावा एवढीही तसदी घेतली नाहीत.

प्रश्न विचारले ते दिनानाथ गुप्त्यांनी.

एकोणसाठ सालचा मार्गशीर्ष. नामाची बायको सोनूबाई अलिबागला गुप्त्यांच्या ओटीवर येऊन बसली. गुप्ते खाजगी तपासाची कामं करत. कस्टममधली नोकरी वरिष्ठाला तोंडावर चोर म्हटल्यामुळे गेली होती. शेजारी त्यांचे स्नेही रामभाऊ, शाळामास्तर. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा सावकाश.

"सोमवारी भावजींची तारीख हाय," सोनूबाई म्हणाली. "होडी गेली, घोव गेला. आता भावजींना आत टाकलं तर पोरांना काय वाळू चारू?"

"होडीवर दिवा होता?"

"व्हता. काच मीच पुसून दिलेली."

"होडी होती कुठे?"

"डोलीवर. आनखी कुठं असनार?"

रामभाऊंचा चेहरा कोरा पाहून गुप्त्यांनी सांगितलं, "किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळात खुंट रोवतात, त्याला जाळं बांधतात. ती डोल. पाणी फिरेपर्यंत होडीही तिथेच बांधून कोळी वाट बघतात."

सोनूबाई गेल्यावर रामभाऊ म्हणाले, "ती आपल्या घरचीच बाजू सांगणार."

"सांगू दे. नौदल काय शेजाऱ्याची सांगतंय?"

लेफ्टनंट नाबर सोमवारच्या साक्षीसाठी डाकबंगल्यात उतरले होते. पोरसवदा अधिकारी, नखं कुरतडलेली. त्या रात्री जहाजावर पहारा त्यांचा होता, असं चौकशीत लिहिलेलं.

"धडक झाली तेव्हा किनाऱ्यावर काय दिसलं?" गुप्त्यांनी विचारलं.

"मला कसं दिसणार? मी खाली नकाशाच्या खोलीत होतो."

"मग वर, जहाज हाकतात त्या ब्रिजवर कोण होतं?"

नाबरांनी नख दाताखाली धरलं. मग म्हणाले, "लिहिलंय ते वाचा. कॅप्टनसाहेब केबिनमध्ये झोपले होते. मला आई आहे, नोकरी आहे. जास्त विचारू नका."

दुसऱ्या दिवशी दोघे एसटीने काशीदला गेले. होडीचा पुढचा तुकडा पुळणीवर पडला होता. पुढच्या टोकाला, नाळेला, जाड दोर बांधलेला, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लाकडी खुंटाचा मोडका शेंडा.

"यात काय कळलं?" रामभाऊ म्हणाले.

"दाव्याला बांधलेली म्हैस कुणाला आडवी जात नाही, रामभाऊ. गाडीच गोठ्यात शिरली. आता एवढंच शोधायचं, की ती हाकत कोण होतं."

पुळणीच्या वरच त्या जहाजाचे कॅप्टन त्रिलोकेकर यांचा बंगला. साहेब आंघोळीला गेले होते, म्हणून दोघे मागल्या दारी थांबले. तिथे मनुबाई भांडी घासत होती.

"त्या राती घरात होता का?" गुप्त्यांनी विचारलं.

"व्हय. मुंबैचे बडे पाव्हने आलेले. बाईसाहेबांनी मला गॅसबत्ती माडाला टांगायला लावली, दर्याकडच्या. समदे व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले. मेलं मँटल फुटलं, बत्तीची जाळी ती, आन बत्ती गेली. दुसरं घरात न्हाय. बाईसाहेब माझ्यावर करवादल्या, जसं मीच फुंकर मारली. मी बत्ती उतरवून आत नेत व्हते, तवाच दर्यात धाड झाली."

"मग उजेड?"

"कसला उजेड? पाव्हने चाचपडत घरात शिरले."

कॅप्टन बाहेर आले. गोरेपान, सुगंधी, पुढच्या महिन्यात रिअर ॲडमिरल होणारे.

"बोला, मिस्टर गुप्ते. कोळ्यांना दिवा लावायची अक्कल नाही, आणि जबाब आम्ही द्यायचा."

"आपण झोपला होतात?"

"गाढ. धडकेने जागा झालो, धावत वर आलो. सगळा काळोख. फक्त माझ्या घरची गॅसबत्ती दिसत होती, काजव्याएवढी. आता तुम्हीच सांगा, इतक्या लांब डोलीचे खुंट असतात का? आम्ही खोल पाण्यात होतो."

"चोख पुरावा," रामभाऊ पुटपुटले.

"चोखच आहे," गुप्ते म्हणाले. "फक्त उलट बाजूचा. कॅप्टनसाहेब, ती बत्ती धडकेच्या आधीच विझली होती. मँटल फुटलं, दुसरं नव्हतं. धडकेनंतर वर आलेल्या माणसाला ती दिसूच शकत नाही. तुम्ही ती पाहिलीत, म्हणजे तुम्ही आधीपासून वर होतात. नाबरांना तुम्ही खाली पाठवलंत. ब्रिजवर तुम्ही होतात."

कॅप्टन हसले. "आणि मी किनाऱ्याला कशाला येऊ?"

"व्हरांड्यातल्या खुर्च्या कशासाठी होत्या? बड्या पाहुण्यांना तुमचं जहाज जवळून बघायचं होतं. बत्ती ही तुमची खूण. ती विझली आणि तुमचा अंदाज चुकला. जहाज डोलीत घुसलं, खुंट मोडला, होडी फुटली. बांधलेल्या माणसाला मारलंत, साहेब. वर त्यालाच आडवा आला म्हणालात."

"एका मोलकरणीच्या शब्दावर?"

मनुबाई दारात उभी होती. हात राखेने भरलेले. "भाकर तुमची खाल्ली, सायेब. पन नामा माझ्या आळीतला. मी कोर्टात सांगीन."

तिने सांगितलं. गुप्त्यांनी तो दोर आणि खुंटाचा तुकडा कोर्टापुढे ठेवला. शपथेवर पुन्हा विचारल्यावर लेफ्टनंट नाबरांनी मान खाली घालून कबूल केलं की ब्रिजवर साहेब होते. सदा निर्दोष सुटला. बाहेर येऊन तो वहिनीच्या पायाशी बसला आणि पोरासारखा रडला.

आणि तुम्ही? महिन्याभरात तुम्ही त्रिलोकेकरांना रिअर ॲडमिरल केलंत. बँड वाजवलात, नव्या पट्ट्या लावल्यात. नाबरांना उचलून दूर फेकलंत. मनुबाईचं काम सुटलं, तिची चूल विझली.

सदाने मारलं नाही, असं तुमच्याच सरकारच्या कोर्टाने सांगितलं. मग नामाला मारलं कोणी? सोनूबाईला वाचता येत नाही, तेव्हा कागद पाठवू नका. काशीदला या, तिच्या दारात उभे राहा आणि तोंडाने नाव सांगा.