तीन प

"पुन्हा," ओबाई म्हणाल्या.

विद्याधर कासारांनी डोळे मिटले. ध्वनिरोधक खोलीत टेबलापलीकडे बसलेल्या या कोरियन बाईंनी सावकाश तीन शब्द उच्चारले. एकाचा अर्थ आग, दुसऱ्याचा गवत, तिसऱ्याचा शिंग. विद्याधररावांना तिन्ही वेळा 'पुल' एवढेच ऐकू आले. शेवटच्या शब्दासाठी समोरच्या चित्रांपैकी गवतावर त्यांनी अंदाजाने बोट ठेवले. ओबाईंनी हसून शिंगाचे चित्र पुढे सरकवले. बरीच वर्षे पुण्यात काढल्यामुळे त्यांचे मराठी चांगले होते. आडनाव नुसते 'ओ' असल्याने संस्थेत सगळे त्यांना ओबाई म्हणत, आणि त्यामुळे हाकेला ओ देण्याचे कष्ट वाचतात, असे त्या स्वतःच सांगत.

विद्याधरराव बाहेर आले ते नापास झालेल्या मुलासारखे. श्रवणविज्ञान संस्थेच्या प्रमुख डॉ. इरावती भोपटकर यांनी त्यांना चहा दिला.

"काका, कानात काही बिघाड नाही तुमच्या. उलट मराठी कान फार शिस्तीचा. प, फ, ब, भ असे चार खण त्यात आधीच पाडलेले असतात. कोरियन आवाज आला की तो यातल्याच एका खणात कोंबला जातो. पण त्यांचे तीन प वेगळ्या तऱ्हेने वेगळे होतात. एकात पुढच्या स्वराची पट्टी खाली येते. दुसऱ्यात ती वर जाते आणि श्वास सुटतो. तिसऱ्यात गळा आवळला जातो, श्वास सुटतच नाही. हे सगळं तुमच्या कानावर पडतं, पण मेंदू ते कचरा समजून फेकून देतो."

"लहान मुलांना मात्र कळतं."

"कारण तान्ह्या मुलाचा मेंदू काहीच फेकत नाही. कुठल्याही भाषेतला फरक त्याला ऐकू येतो. मग भोवतालचं बोलणं ऐकत ऐकत तो खण पाडत जातो. पुढे चेतापेशींभोवतीची जाळी घट्ट होते आणि खण कायमचे होतात. आम्ही ती जाळी थोड्या काळापुरती विरघळवतो."

या उपचाराला त्यांनी 'शिशुश्रवण' असे नाव दिले होते. रोज सकाळी नाकात औषधाचा फवारा मारायचा. संध्याकाळपर्यंत कान तान्ह्या मुलासारखा उघडा राहायचा. काही आठवड्यांनी उपचार थांबला की जाळी पुन्हा घट्ट व्हायची, आणि आकडी येण्याचा धोका असल्याने तो दुसऱ्यांदा करता येत नसे. म्हणजे संधी एकच.

अटी दोन होत्या. पहिली, शिकवायला जिवंत माणूस हवे. ध्वनिमुद्रण ऐकून मूल बोलायला शिकत नाही. त्याला उत्तर देणारे कुणीतरी लागते, मग ते पडद्यावर असले तरी चालते. दुसरी अट सांगताना डॉक्टरांनी पेला खाली ठेवला.

"उघडा कान चांगलंवाईट ओळखत नाही. जे सतत ऐकेल त्याचेच खण पाडेल. त्यामुळे या दिवसांत बोबडं, तुटक, अस्पष्ट बोलणं कानावर पडू द्यायचं नाही. घरी तसं कुणी आहे का?"

"नाही," विद्याधरराव म्हणाले, आणि त्यांचे कान तापले.

घरी सुलभाताई होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, हात बराच सुधारला. वाचा मात्र परत आली नाही. जीभ ऐकत नाही, सगळी व्यंजने एक झाली आहेत, यापुढे खुणांवरच भागवा, असे वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले होते. त्या बोलायला गेल्या की तोंडातून वरखाली होणारा एक रडका सूर निघे. बायकोला लपवल्यासारखे झाले, हे विद्याधररावांना टोचत होते. पण खरे सांगितले असते तर उपचार मिळाला नसता, आणि सोरा कायमची परकी राहिली असती.

सोरा म्हणजे त्यांची पाच वर्षांची नात. मुलगा सौमित्र सोलमध्ये नोकरीला लागला, तिथल्याच जिऊनशी त्याने लग्न केले. घरात तिघे कोरियन बोलत. विद्याधररावांचे आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेले. त्यांनी पुस्तके मागवून कोरियन लिपी, व्याकरण, शब्द असे सगळे पाठ केले. मग एका दुपारी धीर करून पडद्यावरच्या नातीला मराठीत हाक मारली. ती मख्खपणे पाहत राहिली. तेव्हा त्यांनी तयार केलेले कोरियन वाक्य म्हटले. सोरा क्षणभर थांबली आणि इतकी हसली की सोफ्यावरून खाली घरंगळली. त्या दिवसापासून फोनची वेळ झाली की विद्याधररावांना काहीतरी काम निघे.

सुलभाताई मात्र रोज बसत. सोरा बालवाडीतून घरी यायची तेव्हा इकडे जेवणे उरकलेली असत. मग तासभर पडद्यावर सोराची बडबड चाले आणि इकडून सुलभाताईंचा तो सूर. दोघी पुष्कळ गप्पा मारतात, असे जिऊनने एकदा इंग्रजीत लिहिले होते. सून संस्कारी आहे, मन राखते, एवढेच विद्याधररावांना त्यातून उमगले.

पहिल्या फवाऱ्यानंतर ते घरी आले तेव्हा जग सोलून ठेवल्यासारखे उघडे होते. कुकरची शिट्टी, शेजारच्या नळाची धार, सगळे थेट आत घुसत होते. सुलभाताई काही म्हणाल्या. ओल्या सिमेंटवर पाऊल उमटावे तसा तो सूर डोक्यात उमटला, आणि विद्याधरराव घाबरले. मराठीचे चार खण मोडून त्या जागी हेच बसले तर? आज कोरियन शिकायला जावे आणि उद्या मराठीच कळू नये, अशी गत व्हायची. ते मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. फोनच्या वेळी तर ते कानात कापसाचे बोळे घालून बसू लागले. तरीही बंद दाराआडून थोडेफार ऐकू येतच राही.

सुलभाताईंच्या लक्षात आल्याशिवाय कसे राहील? एकदा त्यांनी नवऱ्याची बाही धरून बराच वेळ काहीतरी सांगितले. विद्याधररावांनी हातावर थोपटले, बाही सोडवली आणि ते निघून गेले. त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

आणि एका सकाळी ओबाईंच्या तोंडचा 'पुल' फुटला. आग खालच्या पट्टीत उतरली, गवत वर उडाले, शिंग गळ्यात अडकले. हे तिन्ही आपल्याला कधी काळी एकच वाटत होते, यावर त्यांचा विश्वास बसेना. पुढे क आणि ट यांचेही तसेच झाले. शेवटच्या दिवशी एकही चित्र चुकले नाही. ओबाईंनी उभे राहून कोरियन पद्धतीने कमरेत वाकून नमस्कार केला आणि विद्याधरराव लाजले.

"संध्याकाळी कानाचं दार बंद होईल," डॉक्टर म्हणाल्या. "त्याआधी नातीशी बोलून घ्या."

घरी पोचले तेव्हा फोन सुरू झाला होता. ते मधल्या दारात थांबले. सोराचे एकेक व्यंजन लख्ख ऐकू येत होते. कुठे पट्टी उतरली, कुठे श्वास सुटला, सगळे. पण अर्थ लागेना. पाठ केलेल्या हजारो शब्दांपैकी एकही त्यात नव्हता. इतके करून हाती काय लागले? ते स्वयंपाकघरात गेले, संस्थेत फोन लावला आणि काही न सांगता तो खोलीच्या दिशेने धरला.

ओबाईंनी बराच वेळ ऐकले. "कासारसाहेब, ही कोरियन नाही."

"पण प तर..."

"व्यंजनं आमची आहेत. शब्द आमचे नाहीत."

मग डॉक्टरांचा आवाज आला. "काका, दुसरा आवाज कुणाचा?"

त्यांनी सांगितले. आता बोलणी खावी लागणार, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. पण डॉक्टर वेगळेच विचारत होत्या. दोघी रोज बोलतात का, किती दिवसांपासून, सोरा किती वर्षांची.

"म्हणजे तिच्या मेंदूतली जाळी अजून सैल आहे. औषधाशिवाय. आणि रोज उत्तर देणारं माणूस समोर." त्या भराभर बोलू लागल्या. "तुमच्या मिसेसची जीभ गेली, पण गळ्याची पट्टी आणि श्वास शाबूत असणार. व्यंजनं जिभेने वेगळी करता येईनात, म्हणून त्या पट्टीने करत असतील. तो फरक मराठी कान फेकून देतो. कोरियन मूल फेकत नाही. तिच्या घरच्या भाषेतही तोच फरक आहे."

"मग या दोघी बोलतायत काय?"

"मला नाही ऐकू येणार. माझे चार खण पक्के आहेत. तुम्हाला मराठी येतं आणि तुमचा कान अजून उघडा आहे. कोरियन समजून ऐकू नका. जा."

विद्याधरराव पुन्हा दारात आले. सोरा काही विचारत होती. एक स्वर खाली उतरला. तो ब होता. त्याच्या मागचा ज होता. मग भिंग नीट धरताच अक्षरे दिसावीत तसे सगळे वाक्य एकदम जागेवर आले.

"आजी, आजोबा आजपण आत नाही येणार?"

"येतील," सुलभाताई म्हणाल्या. "त्यांना वाटतं, आपण हसू."

दोन वर्षे जो रडका सूर या घरात घुमत होता, तो म्हणजे सगळी वाक्ये होती. भाजीत मीठ कमी आहे, पंखा बंद करा, असे काय काय त्यात असेल. आणि त्या दिवशी बाही धरून जे सांगितले ते? ते आता परत ऐकता येणार नव्हते.

ते जाऊन बायकोशेजारी बसले. सुलभाताईंनी चमकून पाहिले.

"सोरा, मी आलो," विद्याधरराव स्वच्छ मराठीत म्हणाले.

सोरा पूर्वीसारखीच मख्खपणे पाहत राहिली आणि मग तिने आजीकडे पाहिले. हे असले मराठी तिला येत नव्हते. तिचे मराठी बोलणारी जगात दोनच माणसे होती, एक ती आणि दुसरी तिची आजी. विद्याधररावांनी घड्याळाकडे पाहिले. संध्याकाळ व्हायला थोडेच तास उरले होते. त्यांनी जीभ सैल सोडली, स्वर खाली आणला आणि तेच वाक्य सुलभाताईंसारखे म्हणून पाहिले.

साफ चुकले. सोरा हसत हसत सोफ्यावरून घरंगळली. सुलभाताईही अर्ध्या तोंडाने हसू लागल्या. विद्याधररावांना उठून मागच्या खोलीत जावेसे वाटले. पण सुलभाताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबून धरला, आणि प्रत्येक स्वर जिथल्या तिथे ठेवत सावकाश म्हणाल्या,

"पुन्हा म्हणा."