तीन भावांची गर्जना

गर्जना ऐकूनही तो परका सिंह थांबला नाही, तेव्हा चार्वी खुर्चीतून पुढे झुकली.

नुकतं उजाडत होतं. सोनझरी अभयारण्यात, निरीक्षणगाडीच्या जाड काचेआड ती आणि तिची आत्या, प्राणिशास्त्रज्ञ डॉ. नीलाक्षी, पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. वर घिरट्या घालणारा ड्रोन उष्णचित्र (अंगाच्या उबेवरून उमटणारं चित्र) पाठवत होता. करवंदीच्या जाळीत रेवा नावाची सिंहीण, तिला बिलगलेले दोन छावे, आणि समोरच्या उतारावरून खाली येणारा तो.

“तो छाव्यांना काय करेल गं?”

“परका नर बहुतेकदा छाव्यांना मारून टाकतो,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “इथले तिघे भाऊ राखण करतात, पण ते नदीपलीकडे गेलेत. एरवी मी मध्ये पडले नसते चारू. पण या जंगलात आता मोजकेच सिंह उरलेत.”

म्हणूनच तिनं गाडीच्या टपावरच्या भोंग्यावरून थोरल्या भावाची गर्जना ऐकवली होती. हवा शांत असली, की सिंहाची गर्जना कित्येक किलोमीटर जाते आणि ‘ही जागा आमची आहे’ असं परक्याला बजावते. मग हा का बधत नव्हता?

“कानसेन, पुन्हा वाजव.”

कानसेन म्हणजे गाडीतला यंत्रमानव. सिंहांचे आवाज साठवणं आणि ओळखणं हे त्याचं काम. गर्जनेनं काच थरथरली. सिंह थबकला, त्यानं कान टवकारले... आणि तो पुन्हा चालू लागला. जाळी आता हाकेच्या अंतरावर होती.

“तिसऱ्यांदा वाजवू?” कानसेननं विचारलं.

“नको!” चार्वी जवळजवळ ओरडलीच. “आत्या, मी दहादा हाक मारली तरी आईला कळतं, की ही एकटी चार्वीच आहे. त्यालाही तसंच कळत असेल तर?”

आत्या झटकन तिच्याकडे वळली. “खरंच की! प्रत्येक सिंहाचा ध्वनिठसा (आवाजाची स्वतःची ओळख) वेगळा असतो. वेगवेगळे आवाज ऐकून समोर किती जण आहेत, याचा ते अंदाज घेतात. एकाशी तो झुंजेल. पण तिघांशी? कानसेन, तिन्ही भाऊ! एकाचा आवाज संपायच्या आत दुसऱ्याचा!”

पहिली गर्जना उठली. तिच्यावर दुसरी, जरा घोगरी. मग तिसरी, खोल, जमिनीतून आल्यासारखी.

सिंह जागच्या जागी खिळला. शेपटीचा गोंडा तेवढा हलत होता. रेवा उठून उभी राहिली, पण पळाली नाही. हे आवाज तिच्या ओळखीचे होते. चार्वीनं आत्याचा हात घट्ट धरला.

सिंहानं हवा हुंगली, मान वळवली आणि आल्या वाटेनं तो झपाझप उतार चढून दिसेनासा झाला.

आत्याचा रोखलेला श्वास सुटला. तेवढ्यात जाळीजवळ बसवलेल्या मायक्रोफोननं टिपलेला एक अगदी हलका, कण्हल्यासारखा आवाज गाडीत ऐकू आला. रेवा छाव्यांना बोलावत होती. ते धडपडत तिच्याकडे गेले आणि तिच्या हनुवटीवर डोकं घासू लागले.

“ती काय म्हणाली रे, कानसेन?”

“आवाज रेवाचा, हे सांगता येतं. ती काय म्हणाली, ते माहीत नाही.”

“अजून कुणालाच नीटसं माहीत नाही,” आत्या म्हणाली.

चार्वीनं आत्यापुढचे हेडफोन उचलले, कानांवर नीट बसवले आणि डोळे मिटून ती ऐकू लागली.