भिंतीकडची बाजू

हे घडलं तेव्हा मी तिथे होते. कुणाच्या मामेभावाकडून ऐकलेलं नाही.

आणि रात्रही नव्हती. ऑगस्टातली, जेवणानंतरची दुपार होती. आमच्या वाल्देमोरात त्या वेळी खिडक्यांचे पडदे खाली असतात आणि सगळं गाव झोपलेलं. रस्त्यावर फक्त पर्यटक. आणि त्यांना फिरवणारी मी, एउलालिया.

जुन्या गल्ल्यांतून लोकांना पायी फिरवायचं, गोष्टी सांगायच्या, हा माझा धंदा. पहिल्या वळणावरच मला माणूस कळतो. गुडघे कुणाचे कुरकुरणार, माझ्या चुका काढायला कोण टपलंय, गोष्ट अर्धी टाकून सावली कोण गाठणार. थापाड्या तर मी चालीवरून ओळखते. म्हणून सांगते, यात थाप नाही.

आमच्याकडे तलवारवाल्यांची गल्ली आहे. जेमतेम दोन माणसं मावतात. जुन्या काळी उजव्या भिंतीकडची बाजू मानाची. गटाराचं पाणी डाव्या कडेने वाहायचं ना! समोरासमोर आलेल्यांपैकी एकाने ती बाजू सोडायची. एकदा दोघांनीही सोडली नाही. एकाने दुसऱ्याला तलवारीने भिंतीलाच खिळवलं.

तेव्हापासून गावातलं कुणी त्या गल्लीत उजव्या भिंतीला लागून चालत नाही. समोर कुणी नसलं तरी मध्यावर थांबायचं, एक पाऊल मागे घ्यायचं आणि म्हणायचं, "आपण व्हा पुढे."

पाववाली ओब्दुलिया दोन्ही हातांत टोपल्या घेऊन हे करते. आमचे पाद्री हसतात... आणि करतात.

फेर्मिन माझ्या धाकट्या बहिणीचा, कासिल्दाचा नवरा. मोठ्या शहरातला, नाटकवाला. देखणा. पण हरणं जमायचं नाही. पत्त्यांत हरला की पत्ते उधळायचा. नाटकाचं काम सुटलं, म्हणून मी त्याला सोबत घेतलं. मी गोष्ट सांगणार, तो जुना पोशाख घालून ती करून दाखवणार.

कासिल्दाला आठवा महिना होता. त्या दुपारी ती दारात येऊन म्हणाली, "लाली, त्याला धड परत आण."

"लहान आहे का तो?"

"लहान असता तर काळजी नव्हती."

वाटेत मी त्याला बजावलं, "द्वंद्व चौकात कर. त्या गल्लीत नको."

"का, मेव्हणीबाई? तुमचं भूत तिकीट विचारतं?"

"वाट मागतं. तेवढंच."

"मग आज उपाशी राहील बिचारं," म्हणत त्याने टोपीचं पीस ताठ केलं.

त्या दिवशी वालेन्सियाहून आलेली निवृत्त मंडळी होती. त्यात मोठ्या हॅटवाली अम्पारो, सकाळपासून माझी सनावळी दुरुस्त करणारी.

मी चौकाकडे वळले. फेर्मिन मंडळींना घेऊन सरळ गल्लीत शिरला. मी धावत मागे गेले, तोवर तो उजव्या भिंतीला खांदा लावून उभा होता. पत्र्याची तलवार उपसून तो गरजला,

"मी भिंत सोडणार नाही!"

वर किलबिलणारी पाखरं गप्प झाली...

मग बुटांचा आवाज आला. गल्लीच्या पलीकडच्या टोकाकडून. सावकाश... टाचांना लोखंड ठोकलेलं असावं तसा.

गल्ली रिकामी होती.

"अगबाई, दुसरा नटही आणलात!" अम्पारो खूश होऊन म्हणाली. "हा जास्त शोभतो हो. काय ती काळी टोपी!"

माझ्याकडे एकच नट होता.

पावलं फेर्मिनसमोर थांबली...

त्याचं डोकं दगडावर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा भिंतीवर लाल ठसा उमटला.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

त्याचा गाल भिंतीवर घासत गेला, कातडी तिथेच राहिली. हात मागे पिरगळला गेला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. पत्र्याची तलवार दुमडून माझ्या पायाशी पडली.

"फेर्मिन, पाऊल मागे घे! वाट दे!" मी ओरडले.

"बाईसुद्धा छान करते," मागून कुणीतरी म्हणालं.

मी त्याला ओढायला गेले. कशाने तरी मला समोरच्या भिंतीवर भिरकावलं. बरगडी अजून दुखते.

फेर्मिनने मंडळींकडे पाहिलं. सगळे बघत होते. तो दात थुंकला.

"नाही... सोडणार."

मग तो जमिनीवरून उचलला गेला. पाय लटकत होते. खांद्याखालून रक्ताची चिळकांडी उडाली, ती अम्पारोच्या हॅटवर. तो किंचाळला, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

तो खाली कोसळला. सगळं शांत.

बुटांचा आवाज येताना सगळ्यांनी ऐकला होता.

जाताना... कुणीच ऐकला नाही.

डॉक्टर म्हणाले, रुंद पातं आरपार गेलंय. पोलीस पत्र्याची तलवार उलटसुलट बघत राहिले. मंडळींच्या फोटोंत फेर्मिन एकटाच आहे, हवेत. अम्पारो मात्र त्या काळ्या टोपीची शपथ घेते.

तो वाचला. मी त्याला धड परत आणलं, असं मीच स्वतःला सांगत होते.

गल्लीत आता त्या भिंतीला टेकून मांजरं झोपतात. पूर्वी फिरकतही नसत. ओब्दुलिया परवा टोपल्या खाली ठेवून म्हणाली, "लाली, तिथे आता कुणी नाही गं. मग गेला कुठे?"

रविवारी मी कासिल्दाकडे जेवायला गेले. तिच्या घरात अरुंद बोळ आहे. ती तान्ह्या मुलीला उराशी घेऊन पुढे, मी मागे.

समोरून फेर्मिन आला. उजव्या भिंतीला लागून. पायात दोरीच्या तळाच्या मऊ चपला.

आणि आवाज... लोखंडी टाचांचा.

कासिल्दाने एक पाऊल मागे घेतलं. तिच्या गळ्याशी निळे वळ होते.

"आपण व्हा पुढे," ती म्हणाली. स्वतःच्या नवऱ्याला.

तो न बघता गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याला घरी आणलंस त्या दिवसापासून."

टाचा बोळाच्या टोकाला थांबल्या. वळल्या.

"सरक, लाली," ती मुलीचं डोकं खांद्याशी दाबत कुजबुजली. "पटकन सरक."

मी पाऊल मागे घेतलं.