अडीच लाख किलोमीटरची मिरची

“विकायची आहे ना?”

आवाज असा खणखणीत, असा अचानक... की मोनालीचं डोकं बॉनेटला ठणकन लागलं! एका हातात ऑइल बघायची पट्टी, दुसऱ्या हातात फडकं, नाकावर काळा ठिपका — आणि समोर फाटकापाशी एक उंच, सावळा, कुरळ्या केसांचा तरुण. डोळे एवढे मोठे, की घाबरावं की बघतच राहावं, कळू नये.

“नाई,” डोकं चोळत ती म्हणाली.

“पण मागच्या काचेवर तं लिवलं हाय, गाडी विकणे आहे म्हणून.”

“बाबांनी लिवलं. मी नाई.”

“मग मी बाबाशी बोलू, का तुमच्याशी?”

“बाबाशी बोलाल तं किंमत सांगतील. माझ्याशी बोलाल तं खरं सांगीन.”

तो हसला. हसताना ते भीतीदायक डोळे एकदम लहान झाले... आणि मोनालीनं उगाच ऑइलची पट्टी पुन्हा पुसली. पुसलेलीच होती, तरी!

“खरंच सांगा मग,” तो म्हणाला.

आता आली का पंचाईत! पण मोनाली मागे हटणाऱ्यांतली नव्हती. तिनं मिरचीच्या टपावर हात ठेवला. हो, मिरची — लाल, छोटी, जमिनीला टेकलेली, मागच्या बाजूला चांदीच्या अक्षरात ‘स्पोर्ट’ लिहिलेली गाडी. शहाण्णवचं मॉडेल. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यातल्या साहेबानं ती चार वर्षं उडवली होती, मग गुणवंतरावांनी, म्हणजे मोनालीच्या बाबांनी, ती आपल्या सावली गावाला आणली. आता दोन हजार चार संपत आलं, तरी दाराच्या फटीतून अजून सिमेंट निघत होतं!

“अडीच लाख किलोमीटर झाले,” ती म्हणाली. “टपाचा लाल रंग गुलाबी झाला, पाहा. गिअरच्या मुठीवरचे आकडे घासून गेले, कोणता गिअर कुठी हाय ते हातालेच ठाऊक. खड्ड्यात गेली की पुढच्या चाकातून टकटक करते. हॉर्न फक्त डावीकडं वळताना वाजते. अन् ड्रायव्हरची सीट अशी बसली, की माझ्यापेक्षा जाड माणूस बसला तं उठाचा नाई.”

“अन् इंजिन?”

मोनालीनं फडक्याची घडी केली. खोटं बोलणं तिला जमतच नव्हतं ना!

“इंजिन...” ती हळूच म्हणाली, “थंडीच्या सकाळी पण अर्ध्या चावीत चालू होते. तिसऱ्यात पाय दाबला की पाठ सीटले चिकटते.”

“मग मले पाह्यजेच,” तो म्हणाला. गाडीकडे न बघता!

तेवढ्यात मोनालीची आत्या, नीलाबाई, सुपात धान घेऊन अंगणात आली. तिनं पाहुण्याकडे पाहिलं... आणि सूप हातातून सुटलं.

“अरे बाप्पा! हा मेला इथी कसा आला? सुनेचे दागिने चोरून पळाला होता ना रे तू?”

मोनालीला काहीच कळेना. तो मात्र शांतपणे हात जोडून उभा. “बाई, तुम्ही मागच्या सालच्या मंडईत पुढं बसल्या होत्या का? हिरव्या लुगड्यात?”

“बसली होती! अन् चप्पल बी मीच मारली होती!”

“नेम चांगला हाय तुमचा,” कान चोळत तो म्हणाला.

तर असा होता हा प्रफुल. वडशाच्या नाटक मंडळीतला खलनायक! दिवाळी सरली, धान कापलं, की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक होतं... आणि सगळ्या झाडीपट्टीत प्रफुल दिसला की बायका पदर सावरून शिव्या द्यायच्या. या हंगामात रोज नव्या गावाला पोचायचं, म्हणून त्याला गाडी हवी होती.

गुणवंतराव घराशेजारच्या धानाच्या गिरणीतून आले, कोंड्यानं पांढरे झालेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि आपला कायदा सांगितला.

“आमच्या घरी बैल विकताना घेणाऱ्याले एक दिवस जुंपून पाहू देतो. बैलासंगं घरचं माणूस जाते, कारण जनावर ओळखीच्या आवाजानं चालते. गाडीले बी तोच कायदा. येत्या रविवारी तुमच्या वडशापर्यंत घेऊन जा. मोनाली चालवील, तिची आत्या संगं राहील. चांगली चालली तं घेऊन टाका.”

“अन् बंद पडली तं?” मोनालीनं विचारलं.

“तं भंगारात,” बाबा म्हणाले. “माझं सांगणं तुले माहीत हाय, बाई.”

माहीत होतं. जूनपासून मोनाली धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावात शाळेत शिकवत होती. तिथं जाणारी एसटी शाळा भरून गेल्यावर पोचायची! मिरची होती म्हणून नोकरी होती. आणि बाबांच्या जिवाला एकच घोर — एवढी झिजलेली गाडी, एवढं जंगल, एकटी पोरगी. रस्त्यात बंद पडली तर? म्हणून गाडी विकायची, नोकरी सोडायची, विषय संपला.

आता बघा बरं मोनालीची गंमत! गाडी चांगली चालली तर विकली जाणार. बंद पडली तर भंगारात जाणार. दोन्हीकडून नोकरी गेलीच! शनिवारी तिनं तरीही हवा भरली, पाणी बघितलं, बॅटरीची टोकं घासली. मिरचीला मुद्दाम वाईट चालवायचं, हा विचार मनात आला होता... पण ज्या गाडीनं एकदाही दगा दिला नाही, तिला आपण द्यायचा? छे!

रविवारी सकाळी निघाले. वैनगंगेच्या पुलावर धुकं असं, की पाणी दिसेना, फक्त वास येत होता. प्रफुल तिच्या शेजारी, आत्या मागे, मांडीवर बोरांची पिशवी घेऊन, डोळे त्याच्या मानेवर रोखून.

“दागिने परत केले का?” आत्यानं विचारलं.

“बाई, तिसऱ्या अंकात तुरुंगात गेलो ना मी!”

“मी दुसऱ्यातच उठून गेली होती. संताप आला होता.”

मोनाली ओठ दाबून हसत होती. गडचिरोली मागे पडली. सागाची वाळली पानं रस्त्यावर करकरत होती. तिनं तिसरा टाकला, पाय दाबला... आणि मिरची उसळली!

“बाप रे...” प्रफुल सीटला चिकटला.

“भेव वाटते का?”

“गाडीचं नाई.”

“मग?”

“तुम्ही हसून राह्यल्या ना... त्याचं.”

मोनालीनं नजर रस्त्यावर खिळवली. कान मात्र गरम झाले... गाडीत हीटरसुद्धा नव्हता!

आणि तेव्हाच, पोर्ल्याच्या जंगलात, पायाखाली ‘टण्ण’ झालं. क्लचचं पेडल जे खाली गेलं, ते वर आलंच नाही.

गाडी कडेला जाऊन गचका देत थांबली. मोनालीनं वाकून पाहिलं. “केबल तुटली.”

सगळं शांत. दूर कुठेतरी एक सुतार पक्षी टकटक करत होता, बस्स. म्हणजे झालंच की! बाबांनी सांगितलं होतं तस्संच झालं. जंगल, झिजलेली गाडी, पोरगी... तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला असा राग आला, की पदरानं डोळे पुसून ती ताठ बसली.

“मी एसटी थांबवू?” प्रफुलनं विचारलं.

“नाई.”

“मेकॅनिक आणू आरमोरीचा?”

“नाई. मिरची मले वडशाले नेणार म्हणजे नेणार! क्लच नसला म्हणून काय झालं, इंजिन हाय, चाकं हाय. पहिल्या गिअरमध्येच चावी मारते, तुम्ही मागून ढकला. एकदा चालू झाली की मी आवाजावर गिअर बदलवीन. पण मग थांबता येणार नाई. तुमाले पळत येऊन उडी मारा लागेल.”

“चालत्या गाडीत?”

“नाटकात पळता ना दागिने घेऊन!”

प्रफुलनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. समोरून जाणाऱ्या एसटीतून पोरं ओरडली, “अरे, तो पाहा खलनायक! गाडी ढकलून राह्यला!” सगळी बस खिडकीशी! मोनालीनं चावी फिरवली. मिरची थरथरली, हिसडा दिला, खोकली... आणि गुरगुरत पळाली.

“या! या लवकर!”

आरशात तिला तो दिसला — कुरळे केस उडताहेत, तोंडाचा आ वासलेला, चप्पल एक पायात, एक रस्त्यावर. अंतर वाढत होतं. तिला वेग कमी करता येत नव्हता. तेव्हा मागचं दार उघडलं, आणि नीलाबाईनं एका हातानं सीट धरून दुसऱ्या हातानं त्याची कॉलर पकडली. एक झटका... आणि खलनायक बोरांच्या पिशवीत!

“माझी बोरं!” आत्या किंचाळली.

“माझी चप्पल!” तो ओरडला.

“चूप बसा दोघं!” मोनाली म्हणाली. “मले आवाज ऐकू द्या.”

इंजिनाचा सूर चढला. पाय किंचित उचलायचा, सूर उतरू द्यायचा, आणि नेमक्या क्षणी हाताच्या दोन बोटांनी... खट्. दुसरा गिअर. मग तिसरा, लोण्यात बोट जावं तसा. अडीच लाख किलोमीटर झिजून झिजून त्या गिअरना तिचा हात पाठ झाला होता. आरशात तिची आणि त्याची नजर भेटली.  तो नुसता बघत राहिला... नाटकातल्यासारखा मुळीच नाही.

खरी परीक्षा आरमोरीत! रविवारचा बाजार, धानाच्या बैलबंड्या, सायकली, शेळ्या. थांबता येत नाही आणि रस्ता सरळ, म्हणजे हॉर्नही नाही.

“काय करू?” पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

“तुम्ही फक्त समोर पाहा.” प्रफुल खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघाला, छाती भरून श्वास घेतला — आणि गरजला, “हाऽऽ हाऽऽ हाऽऽ! वाट सोडाऽऽ! नाई तं एकेकाले पाहून घेतोऽऽ!”

तेच ते हसू! अख्खा बाजार दचकला. बायकांनी पोरं ओढली, बंडीवाल्यानं बैल वळवले, शेळ्यासुद्धा पळाल्या. रस्ता असा उघडला, जसा पडदा. मोनाली दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत मधून निघाली, पोट दुखेपर्यंत हसत.

वडशाला तालमीच्या हॉलसमोर तिनं चावी बंद केली. मिरची दोन गचके देऊन उभी राहिली. 

“पोचलो...” प्रफुल म्हणाला.

“पोचलो,” मोनाली म्हणाली. तेवढंच. पण किती वेळ लागला ते म्हणायला!

केबल आणायला तो स्वतः गेला, एका चपलेवर. आल्यावर मेकॅनिकनं ती बसवेपर्यंत दोघींना तालमीत बसवलं. प्रवेश होता शिक्षेचा. नायिकेनं खलनायकाची कॉलर धरली, थोबाडीत द्यायला हात उचलला, आणि मागच्या खुर्चीवरून नीलाबाई ताडकन उभी!

“ए बाई! हात नोको लावू त्याले! त्यानं आत्ता पोर्ल्याच्या जंगलात आमची गाडी ढकलली! घामाघूम होऊन राह्यला बिचारा!”

हार्मोनियमवाल्याचे हात थांबले, आणि मग जो हशा उठला! प्रफुलनं तिथूनच मोनालीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. हे मात्र तिला स्वतःलाच नवं होतं.

सौदा काय तो बाबांना सांगायला प्रफुलही सोबत निघाला, आणि बोलण्याच्या नादात चप्पल पोर्ल्यालाच राहिली. वाटेत आत्या म्हणाली, “केबलचं घरी सांगू नोको. माझं तोंड बंद.”

मोनालीनं नदी येईपर्यंत विचार केला. लपवलं तर रोज शाळेत जाताना ती भीती सोबत बसणार, शेजारच्या सीटवर. नको.

सावलीला बाबा फाटकातच उभे होते. प्रफुल उतरला आणि म्हणाला, “भाऊ, मी गाडी घेत नाई.”

“काऊन? बंद पडली?”

“हो,” मोनाली म्हणाली. “पोर्ल्याच्या जंगलात, बाबा. क्लचची केबल तुटली. तुमाले जे भेव होतं ना, तेच झालं. अन् मी क्लच नसताना वडशाले पोचली. बाबा, ही गाडी पुन्हा बंद पडंल. झिजली हाय, पडणारच. पण मी पोचीन. उद्या सकाळी मी शाळेत जाणार, हिच्यातच.”

गुणवंतरावांनी बहिणीकडे पाहिलं. नीलाबाईनं जोरजोरात मान हलवली. मग त्यांनी मिरचीच्या टपावरून एकदा हात फिरवला. मागे गेले, धोतराचं टोक ओलं केलं आणि काचेवरची चुन्याची अक्षरं पुसायला लागले.

“डिक्कीत एक जास्तीची केबल ठेवत जा,” पाठमोरेच म्हणाले, आणि आत गेले. आत्याही गेली — जाताना उरलेली बोरं प्रफुलच्या हातात देऊन!

प्रफुलनं खिशातून कागदाची गुंडाळी काढली. आत कोरी, काळी, ऑइलच्या वासाची केबल.

“दोन घेतल्या होत्या...” तो पुटपुटला.

“म्हणजे वडशालेच ठरवलं होतं? घ्यायची नाई म्हणून?”

“पोर्ल्यालेच. आरशात तुम्ही दिसल्या तेव्हा.” तो थांबला. बाजारभर गरजणारा आवाज आता ऐकूही येईना. “मोनाली... मले गाडी नको. मले... तुमच्या बाजूची सीट पाह्यजे. कायमची. मिळंल?”

गिरणीचा पट्टा थांबला होता. सगळीकडे ताज्या तांदळाचा वास. मोनालीनं केबल घेतली, डिक्कीत ठेवली, झाकण दाबलं — एकदा दाबून ते कधीच लागत नसे — दुसऱ्यांदा दाबलं. मग वळली. नाकावर परत काळा ठिपका!

“आमच्या घरचा कायदा माहीत हाय ना?” ती म्हणाली. “जुंपून पाहिल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाई.”

“आज ढकलली ना एवढी!”

“ते एका दिवसाचं झालं. माणसाले जास्त लागते.” तिनं शेजारचं दार उघडून धरलं. “बसा. आधी तुमची दुसरी चप्पल शोधून आणू.”