उलटी फिरवलेली नक्कल

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण कारागांडातल्या त्या तळघराचं दार आता कुणी लावत नाही.

काम्शात तिथं डेटा सांभाळायची. बावीस मार्च, नौरूझची सुट्टी, भर दुपार. ऑफिसात ती आणि साहेब, बेकझात आगा, दोघंच.

तळघरातलं मुख्य स्टोरेज चार दिवस बंद होतं. तोवर सगळं काम अल्माटीच्या राखीव स्टोरेजवर चाललं. एरवी नक्कल इथून तिकडे जायची. आज ती उलटी फिरवून चार दिवसांचा डेटा इथं आणायचा होता.

"आटप पोरी, घरी सणाची लापशी, कोजे, थंड होतेय," आगा म्हणाले.

तिनं दिशा फिरवली.

पहिलीच फाईल आली...

ऑक्टोबरची. तळघराच्या दाराचं चित्रण.

ऑक्टोबरात तिथं त्यांच्याच ऑफिसातला तुरार मेला होता. आग विझवायच्या गॅसनं गुदमरून. त्यानं आगांची चोरी पकडलीय, अशी कुजबुज होती. "भोंगा वाजला तरी बाहेर आला नाही," असं आगांनी चौकशीत सांगितलं. चित्रण मात्र सापडलंच नव्हतं.

"पूस ते!"

तिनं पुसलं.

पुन्हा आलं.

"दोन्हीकडून पुसलं होतं मी..." आगा बोलून गेले.

तिनं अल्माटीला फोन लावला. तिकडचा दास्तान वैतागला, "काम्शात आपा, इकडून अजून काहीच सुटलं नाहीये! लाईनच बंद आहे."

चित्रण आपोआप सुरू झालं. आगा बाहेरून कुलूप लावत होते. मग गॅसचा खटका ओढत होते. काचेपलीकडे तुरार दार बडवत होता. चित्रणाला आवाज नव्हता.

आवाज खालून आला...

धप्. धप्. धप्.

"कोण आहे रे? माझी थट्टा करतोस?" आगा तरातरा खाली उतरले. ती मागोमाग गेली.

ते आत शिरले. दार मिटलं.

भोंगा वाजलाच नाही. नुसतं... फुस्स.

"काम्शात! बटण दाब! गॅस थांबव!"

सगळं शांत झाल्यावर दार आपोआप उघडलं.

डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेले. अग्निशमनवाल्यांनी गॅसच्या टाक्यांचं वजन केलं.

सगळ्या भरलेल्या. एक ग्रॅमही कमी नाही.

काम्शात आता तेमिरताऊला असते. माझ्या बहिणीला तिनं हे एकदाच सांगितलं.

"तुरार बडवत होता तेव्हाही मी ऐकलं होतं गं. गप्प राहिले. त्या दुपारी बटणापाशी हात नेला, तर कुणीतरी मनगट धरलं... गार हात होता."

तिनं ते मनगट दुसऱ्या हातानं चोळलं.

"पण मी सोडवून घ्यायला धडपडलेच नाही."